कथकच्या एमएची प्रवेश ऑडिशन आणि वार्षिक प्रयोगाचं कास्टिंग, दोन वर्षांचा अनुभव

नृत्यात एमए करायचा विचार करणाऱ्या आणि सध्या फॉर्म भरू की नको यात अडकलेल्या मुलामुलींसाठी लिहितेय. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण यात एक तक्रार आहे आणि ज्यांच्याबद्दल आहे त्यांच्याकडूनच मी खूप काही शिकलेय, तर नाव घेऊन त्यांना खाली दाखवायचं नाहीये. महाराष्ट्रातलं आहे एवढं पुरे. विभागात कथक आणि भरतनाट्यम दोन्ही आहे, मी कथकची, यंदाच पास आउट झाले.

हॉस्टेल, मेस, फी यावर बाकीचे लिहितातच. मला फक्त निवडीबद्दल लिहायचंय, म्हणजे विभागात घेताना आपल्याला कसं पारखतात आणि आत गेल्यावर स्टेजवर कोण जाणार हे कसं ठरतं, कारण आपल्याकडे हे कुणी सांगतच नाही, सगळे म्हणतात जा, चांगलं आहे, आणि पहिली लिस्ट लागते तेव्हा आपल्याला कळतं. माझं रेटिंग आधीच देते. प्रवेशाची ऑडिशन ५ पैकी ५. पहिल्या वर्षीचं कास्टिंग ५ पैकी २. दुसऱ्या वर्षीचं ५ पैकी ४.

मी मिरजेची. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंतच्या सातही परीक्षा दिलेल्या, त्यामुळे परीक्षेची सवय होती, पण त्या परीक्षेत काय विचारणार ते माहीत असतं, अमुक ताल, इतके तोडे, इतक्या परणी, एक कवित्त (या सगळ्या कथकमधल्या बोलांच्या ठरलेल्या रचना), आणि आपण वर्षभर तेच घासलेलं असतं. इथे काय होणार या विचाराने मला आदल्या रात्री झोप नव्हती. पण आठ दिवस आधी विभागाकडून ईमेल आला होता आणि त्यात एका पानावर सगळं स्वच्छ लिहिलेलं. तयार नाच इतके मार्क, लय-तालाची समज इतके, जागेवर शिकवलेली रचना उचलणं इतके, अभिनय इतके, तोंडी इतके. पॅनेलवर तीन जण असतील, त्यातला एक बाहेरचा. फोटो पाठवू नये. मेकअप करू नये. साधा सलवार-कुडता, ओढणी बांधलेली, घुंगरू स्वतःचे. हे फोटो पाठवू नये वाचून मला इतकं बरं वाटलं की ते पान मी आईला वाचून दाखवलं.

हॉलमध्ये तबल्यावर एक वयस्कर काका आणि हार्मोनियमवर नगमा, म्हणजे तालाच्या आवर्तनाची सतत वाजणारी धून, धरायला दुसरे. थाट (सुरुवातीचं स्थिर उभं राहणं), आमद (प्रवेशाची रचना), दोन तोडे, एक परण झाली, मध्येच थांबवलं नाही कुणी, पूर्ण ऐकून घेतलं. मग पॅनेलवरच्या सरांनी विचारलं, आत्ता केलास तो शेवटचा तुकडा किती मात्रांचा? म्हटलं सोळा, समेपासून समेपर्यंत. तर म्हणाले, आता तोच खालीपासून उचल आणि समेवर ये.

ज्यांना तीनताल माहीत आहे त्यांना कळेल की यात काय अडचण आहे. तीनताल सोळा मात्रांचा, सम म्हणजे त्यातली पहिली मात्रा आणि खाली म्हणजे नववी. सोळा मात्रांचा तुकडा नवव्या मात्रेवर उचलला की तो परत नवव्यावरच येऊन पडतो, सम अजून आठ मात्रा लांब असते. मी पहिल्यांदा तशीच गेले आणि खालीवर येऊन अडकले. हॉलमध्ये एकदम शांत. मला वाटलं संपलं. पण त्याच सरांनी सांगितलं, एक मिनिट घे, बोटांवर मोज, घाई नाही. काकांनी ठेका चालूच ठेवला, नगमा पण चालू. मग मी तुकड्याचा शेवटचा थेई सोडला आणि तिथूनच, म्हणजे नवव्या मात्रेपासूनच, तीन मात्रांचा बोल तीनदा घ्यायची छोटीशी तिहाई धरली, तत् तत् थेई, तत् तत् थेई, तत् तत् थेई, नऊ दहा अकरा, बारा तेरा चौदा, पंधरा सोळा आणि तिसरा थेई बरोबर समेवर. काकांनी नुसती मान हलवली. त्या मान हलवण्याची आठवण मला अजून पुरते.

नंतर एका सीनियर ताईने सगळ्यांना मिळून दहा मिनिटांत एक नवीन रचना शिकवली आणि मग एकेकीला करायला लावली. चुकलं तरी चालेल, चुकल्यावर काय करता ते बघायचंय असं आधीच सांगितलं होतं. आणि अभिनयासाठी एकच वाक्य दिलं, तो आला नाही. बस. बहुतेक जणी लगेच विरहिणी नायिकेकडे गेल्या, मीही तिकडेच जाणार होते, पण मला त्या क्षणी शाळा सुटल्यावर गेटपाशी बाबांची वाट बघणारी मुलगी सुचली, दप्तर खांद्यावर, सगळी मुलं गेलेली, वॉचमन गेट ओढतोय. ते केलं. पॅनेलवरच्या मॅडमनी फक्त विचारलं की वय किती तिचं, मी म्हटलं सात. एवढंच.

निकाल लागला तो मार्कांसकट, प्रत्येक भागाचे वेगळे, आणि ज्यांना घेतलं नाही त्यांचेही त्यांना ईमेलवर कळवले. बीडहून आलेला एक मुलगा होता, पायात जबरदस्त ताकद, तत्कार ऐकत राहावं असा, पण पढंत कच्ची, तोंडाने बोल म्हणायला लागला की हातातली ताल सुटायची. त्याला घेतलं नाही पण कशात किती कमी पडला ते लिहून दिलं, तो वर्षभर पढंतच घेऊन बसला आणि पुढच्या वर्षी आत आला. आधी नाकारलेला मुलगा परत त्याच दारात येतो म्हणजे त्याला त्या नकारात अपमान वाटला नव्हता ना. म्हणून ५ पैकी ५.

आता कास्टिंगचं.

आमच्याकडे फेब्रुवारीत वार्षिक प्रयोग असतो, दोन दिवस दोन प्रयोग, बाहेरचे लोक तिकीट काढून येतात. आपल्या सीव्हीत तो जातो, व्हिडिओ निघतो, पुढे कुठे काम मागायला गेलो की तोच दाखवायचा असतो, म्हणजे स्टेजवर असणं-नसणं हा फक्त हौसेचा प्रश्न नाही. पहिल्या वर्षी डिसेंबरमधे एका संध्याकाळी रिहर्सल हॉलच्या बाहेरच्या कपाटाच्या काचेवर एक कागद चिकटवलेला दिसला. राधाकृष्णाचं नृत्यनाट्य, राधा अमुक, कृष्ण अमुक, गोपी, मग समूह, आणि शेवटी मदतनीस म्हणून आठ नावं. त्यात माझं. ऑडिशन झालीच नव्हती. आम्ही वर्गात नाचतो ते बघूनच ठरवलं होतं, पण आपल्याला त्यासाठी बघतायत हे आम्हाला माहीतच नव्हतं.

मी जाऊन विचारलं. रागाने नाही, खरंच विचारायला गेले की माझं काय कमी पडतंय म्हणजे मी ते करीन. उत्तर आलं, बाळा, तुझं काही कमी नाही गं, फक्त उंचीत तू रांगेत बसत नाहीस. माझी उंची ४ फूट १० इंच आहे. माझी रूममेट, जिच्याइतका गतभाव (एकटीनेच सगळी पात्रं होऊन गोष्ट दाखवणं) आमच्या बॅचमधे कुणाचाच नव्हता, तिला सांगितलं की लाईटमधे तुझा चेहरा उठत नाही. ती सावळी आहे. त्या रात्री ती घुंगरू सोडून पिशवीत ठेवत होती आणि एक गाठ सुटत नव्हती तर तिने ती दोरीच कापून टाकली. मी हे विसरू शकत नाही.

आणि हे कुठल्या सेमिस्टरला घडलं तर ज्या सेमिस्टरला आम्ही अभिनयदर्पण हा नृत्यावरचा जुना संस्कृत ग्रंथ शिकत होतो. त्यात पात्राचे, म्हणजे नाचणारीचे, दहा प्राण सांगितलेत, नृत्य शिकणाऱ्या प्रत्येकाला हा श्लोक पाठ असतो. जव म्हणजे चपळाई, स्थिरत्व, रेखा, भ्रमरी, दृष्टी, अश्रम म्हणजे न थकणं, मेधा, श्रद्धा, वाणी आणि गीत. दहाच्या दहा परत वाचा. यात उंची नाही, रंग नाही. सगळ्या मेहनतीने कमावायच्या गोष्टी आहेत, आणि आमची प्रवेशाची ऑडिशन अगदी याच दहांवर बेतलेली होती, मेधा बघायला नवी रचना, वाणी बघायला पढंत, स्थिरत्व बघायला थाट. पण त्याच ग्रंथात दुसरी एक यादी आहे, कोणाला पात्र म्हणून घेऊ नये त्याची, तिच्यात फार उंच, फार बुटकी, फार जाड, फार कृश, जाड ओठांची, केस विरळ असलेली असं सगळं येतं. आम्ही ती परीक्षेपुरती पाठ केली आणि मॅडमनीही सांगितलं की ही त्या काळची दृष्टी होती, आता असं कोणी मानत नाही. मग काचेवरचा कागद कुठल्या यादीवरून निघाला? हाच प्रश्न मी नंतर मीटिंगमधे विचारला, आणि विचारताना मला रडू येत होतं ते मी लपवलं नाही.

दुसरी बाजूही लिहिते, ती खोटी नाही. समूहरचनेत रेषा लागते. नृत्यरचनाकार कुमुदिनी लाखियांनी अहमदाबादला त्यांच्या कदंब या संस्थेमधे कथकला एकट्याच्या नाचातून समूहात आणून जे दाखवलं ते बघितलं की कळतं, स्टेजवर एकदम आठ हात उठतात तेव्हा ते एका रेषेत उठले पाहिजेत, आणि ते ठरवायचा हक्क रचना करणाऱ्याचाच असतो. मला हे मान्य आहे. मी स्वतः मिरजेत क्लासच्या लहान मुलांचे नाच बसवलेत, उंच-बुटकी कशी उभी करायची ही डोकेदुखी मला माहीत आहे. पण तिरकी रांग असते, त्रिकोण असतो, दोन पातळ्या असतात, कोणी बसलेलं कोणी उभं असतं. आणि खरोखरच एखाद्या रचनेला सारख्या उंचीचे सहा जण लागत असतील तर ते आधी लिहा ना, की या एका भागासाठी उंची हा निकष आहे, बाकीच्या भागांना नाही. मग मला वाईट वाटेल पण मी दुसऱ्या भागाची तयारी करीन.

आणि राधेचं म्हणाल तर कथकमधे तर हा प्रश्नच यायला नको. गतभावात एकच नाचणारा माणूस असतो, तो पलटा घेतो, म्हणजे गर्रकन वळतो, आणि गोपी होतो, परत पलटा घेतो आणि कृष्ण होतो, खडा मारणाराही तोच आणि जिची घागर फुटते तीही तोच. पं. बिरजू महाराजांनी बसल्या जागी नुसत्या डोळ्यांनी आणि मनगटाने गोपी दाखवलेली ज्यांनी पाहिलीये त्यांना विचारा की तेव्हा त्यांना वय दिसलं का, रंग दिसला का. आपली कलाच सांगते की शरीर कुठलंही असू दे, पात्र पलट्यात येतं. ते सोडून आपण राधेला गोरी मुलगी शोधतो याचं मला मनापासून दुःख आहे.

अजून एक गोष्ट होती आणि ती न लिहिणं बरोबर होणार नाही. निवडलेल्यांपैकी चौघी एका शिक्षकांच्या खासगी क्लासमधल्या होत्या. त्या चौघी चांगल्याच नाचतात, त्यातली एक माझी आजही जवळची मैत्रीण आहे. पण चाचणीच न झाल्यामुळे सगळ्यांनी तोच एक अर्थ काढला आणि त्रास त्या मुलींनाच झाला, कँटीनमधे त्या आल्या की टेबलवर बोलणं थांबायचं. ती मैत्रीण मला एकदा म्हणाली, माझी ऑडिशन घेतली असती तर मी निदान छाती वर करून नाचले असते. म्हणजे ज्यांची निवड झाली त्यांच्याकडूनही तुम्ही काहीतरी काढूनच घेतलंत.

तर प्रयोग झाल्यावर मार्चमधे आम्ही अकरा जणांनी एचओडी (विभागप्रमुख) मॅडमना पत्र दिलं. लिस्ट चुकीची होती असं त्यात कुठेच लिहिलं नाही, फक्त एवढंच मागितलं की प्रवेशाच्या ऑडिशनचं जसं एक पान असतं तसं कास्टिंगचं एक पान असावं. मॅडमनी ते पत्र फाइलला लावून ठेवलं नाही, मीटिंग बोलावली, दोन तास बसल्या, मधे त्यांना काही गोष्टी लागल्या हे चेहऱ्यावर दिसत होतं तरी ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या वर्षी जुलैत ते पान आलं.

त्यात काय आहे ते थोडक्यात. प्रयोगासाठी खुली ऑडिशन, एमएच्या दोन्ही वर्षांना, सगळ्यांच्या समोर, म्हणजे एकमेकींचं आपण बघतो. कुठल्या भूमिकेला काय लागणार ते पंधरा दिवस आधी बोर्डवर. पॅनेलवरच्या कुणाच्या खासगी क्लासची मुलगी नाचत असेल तर त्या व्यक्तीने त्या वेळी मार्क द्यायचे नाहीत. रंग, चेहरा, वजन यावर शेरा मारायचा नाही, हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रूममेटला फोन करून वाचून दाखवलं. दुखापत झाली आणि डॉक्टरांचं पत्र असलं तर दोन आठवडे भूमिका राखून ठेवणार, तेवढे दिवस रिहर्सलला बसून पढंत करायची. हजेरीची अट, तीन रिहर्सल न कळवता बुडाल्या तर भूमिका जाते, आणि हे मुख्य भूमिकांनाही लागू. ज्याला निवडलं नाही त्याने सात दिवसांत विचारलं तर कारण लेखी द्यायचं.

आणि अंडरस्टडी. प्रत्येक मुख्य भूमिकेला एक अंडरस्टडी, म्हणजे तीच भूमिका तयार ठेवणारी बदली नाचणारी, आणि दोन प्रयोगांपैकी दुसऱ्या दिवशीचा प्रयोग अंडरस्टडीने करायचा, पहिली आजारी पडो न पडो. हा नियम मला सगळ्यात आवडला. नाहीतर अंडरस्टडी म्हणजे चार महिने विंगेत उभं राहून दुसरीच्या साडीला पिन लावणं. दुसऱ्या वर्षी मी एका ठुमरीवरच्या भागाला अंडरस्टडी होते, पहिल्या दिवशी जिने केलं ती माझ्यापेक्षा सात इंच उंच. दुसऱ्या दिवशी मी केलं. लाईट तीच, जागा तीच, फक्त आमच्या लाईटवाल्या दादांनी स्पॉट थोडा खाली घेतला. आई-बाबा मिरजेहून सकाळच्या गाडीने आले होते. रूममेट त्याच प्रयोगात यशोदा होती, तिला कास्ट केलं गतभावावर, मार्कांनी, सगळ्यांच्या समोर, आणि पहिल्या प्रयोगानंतर तिला भेटायला लोक ग्रीनरूमपर्यंत आले.

५ पैकी ४ का, एक कुठे गेला, तर काही गोष्टी अजून राहिल्यात. बॅचमधे मुलगे दोन-तीनच असतात, म्हणून कृष्ण त्यांच्याकडेच जातो आणि त्यांची चाचणी नावापुरती होते, हे त्या पानात कुठेही नाहीये. यामुळे त्या मुलांचंही नुकसान होतं, त्यांना दोन वर्षांत कृष्ण सोडून काही करायलाच मिळत नाही. कॉस्च्युमचे पैसे आपल्यालाच भरावे लागतात आणि कास्ट झाल्यावर आकडा कळतो, तो ऑडिशनच्या आधी कळायला हवा, कारण तेवढ्यासाठी ऑडिशनच न देणारी मुलगी मला माहीत आहे. रिहर्सल लांबते आणि हॉस्टेलचं गेट बंद होतं, मग वॉर्डनची बोलणी आपण खायची.

युवक महोत्सवाचं तर पूर्ण वेगळंच आहे. तिथे लोकनृत्याच्या संघात नाचणारे दहाच घेता येतात, साथीला पाच आणि वेळ दहा मिनिटं, शास्त्रीय नृत्य तर एकट्याचंच, म्हणजे जागा खरोखरच कमी असतात आणि चढाओढ जास्त. पण तो संघ विभाग निवडत नाही, विद्यार्थी विकासवाले निवडतात, तिथे हे पान लागू नाही. आमच्या वर्षी एका सकाळी ग्राउंडवर वीस मिनिटांत दहा जण निवडले, कोळीनृत्य होतं, कशावरून निवडले ते आजपर्यंत कुणाला कळलेलं नाही. याच्यासाठीही एक पत्र द्यायला हवं होतं, आमच्याच्याने राहून गेलं, आता जे आत आहेत त्यांनी द्यावं.

तुम्ही फॉर्म भरत असाल, कुठल्याही विद्यापीठाचा, तर ऑफिसमधे जाऊन दोन गोष्टी विचारा, प्रवेशाच्या ऑडिशनचे मार्क कसे विभागलेत आणि प्रयोगाचं कास्टिंग कसं होतं ते लेखी आहे का. दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी गप्प बसतात किंवा म्हणतात ते गुरूंच्या नजरेवर असतं. गुरूंच्या नजरेबद्दल मला पूर्ण आदर आहे, मी जी काही आहे ती त्या नजरेमुळेच आहे, पण माझ्या मिरजेच्या ताईंची नजर मला बारा वर्षं बघत होती आणि विद्यापीठात चार महिन्यांत लिस्ट लागते, हा फरक आहे.

ऑडिशनला जाताना, घुंगरू नवे घेतले असतील तर निदान महिनाभर आधी बांधून रियाज करा, नवी दोरी ऐनवेळी सैल पडते. पढंत मोठ्याने, हातात ताली-खाली धरून, घरच्या कुणासमोर तरी रोज करा. एक तुकडा सम सोडून वेगवेगळ्या मात्रांवरून उचलून बघा. आणि लेहरा (म्हणजे नगमाच) फोनवर घेऊन जाऊ नका, तिथे हार्मोनियमवाले काका असतात, ते आधी लय विचारतात, तेव्हा घाबरून द्रुत सांगू नका, तुमच्या रोजच्या रियाजाची जी लय आहे तीच सांगा.